जिल्ह्यांची नावे : मुलखाची की कचेरीची?

आपण कोणत्या जिल्ह्याचे, असे कोणी विचारले तर उत्तराला वेळ लागत नाही. नाव, गाव, तालुका, जिल्हा ही चौकडी शाळेच्या दाखल्यापासून सात-बाराच्या उताऱ्यापर्यंत जन्मभर आपल्यामागे चालते. मात्र आपल्या गावांच्या मानाने आपला जिल्हा वयाने फारच लहान आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. गाव हजार-दोन हजार वर्षांचे असू शकते. ज्याला आपण नाशिक जिल्हा म्हणतो तो १८६९ साली झाला. अहमदनगर जिल्ह्यातले काही तालुके काढले, खानदेशातले मालेगाव, नांदगाव आणि बागलाण त्यांना जोडले, आणि नाशकास कलेक्टर बसला. पेठचे छोटे संस्थान १८७८ साली खालसा होऊन त्यात आले. सुरगाणा तर १९४८ साली, संस्थाने विलीन झाली तेव्हा आले. म्हणजे १८६८ साली एखाद्या सिन्नरकराला जिल्हा विचारला असता तर त्याने ‘नगर’ सांगितले असते, मालेगावकराने ‘खानदेश’ सांगितले असते, आणि पेठच्या माणसाने आपल्या राजाचे नाव सांगितले असते.

मग ‘नाशिक’ हे नाव नेमके कोणाचे? शहराचे, की शहराभोवतीच्या मुलखाचे? सुरगाण्याच्या डोंगरात नागली पिकवणारा कोकणा शेतकरी आणि येवल्यात पैठणी विणणारा विणकर हे दोघेही आज कागदोपत्री नाशिकचेच; पण त्यांच्या मुलखांत, बोलींत आणि पावसातसुद्धा सारखेपणा थोडाच. आमचे म्हणणे असे की, जिल्ह्याचे नाव हे बहुधा मुलखाचे नसतेच. ते कचेरीचे असते. सारा जेथे भरायचा त्या गावाचे नाव सगळ्या मुलखावर पांघरूण घातल्यासारखे टाकले जाते. मुलखाची स्वतःची नावे निराळी आणि जुनी असतात. ती लोकांच्या तोंडी जगतात, क्वचित एखाद्या तालुक्याच्या पाटीवर टिकतात. एवढे ध्यानी धरले म्हणजे नावांविषयीचे पुष्कळ वाद सोपे होतात. निदान वाद कशाविषयी चालला आहे ते तरी कळते.

प्रथम ‘जिल्हा’ हा शब्दच घ्या. तो अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. ‘तालुका’ही अरबीच, मूळ अर्थ संबंध, ताबा. ‘तहसील’ म्हणजे सरळ सरळ वसुली. मामलेदार ज्या ‘मामल्या’वरून आला तो देण्याघेण्याचा व्यवहार. इंग्रजांनी यांत ‘कलेक्टर’ची भर घातली, त्याचा अर्थ गोळा करणारा, हे सांगायला कोशही उघडावा लागत नाही. थोडक्यात, गावाच्या वेशीबाहेर पडलो की आपला सगळा पत्ता वसुलीच्या भाषेत लिहिलेला असतो.

परक्यांनी हे आपल्यावर लादले असे कोणी म्हणू नये. त्यापूर्वीचे आपले शब्द तरी काय सांगतात? सातवाहनांच्या काळी जिल्ह्याला ‘आहार’ म्हणत. संस्कृतात ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘हृ’ धातूचा अर्थ आणणे, गोळा करणे. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जेवण, तो तर आपण रोज वापरतो. पुढे गुप्तांच्या राज्यात ‘भुक्ती’ आली. तीही ‘भुज्’पासून, म्हणजे उपभोगणे, खाणे. राजे बदलले, लिपी बदलली, संस्कृताची फारसी झाली आणि फारसीची इंग्रजी झाली. जिल्हा म्हणजे राज्याचे ताट, ही समजूत मात्र कोणी बदलली नाही.

ताट उलटे फिरवणारा एखादाच निघतो. या व्याख्यानमालेचे श्रोते गोदाघाटावर ज्या पटांगणात बसतात, ते पटांगण ज्यांच्या नावाचे आहे ते देवमामलेदार यशवंतराव महाराज हे सटाण्यास, म्हणजे बागलाण तालुक्याचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या रयतेसाठी उघडला, म्हणून लोकांनी मामलेदाराला देव केले. वसुली अधिकाऱ्याचे नाव लोकांनी प्रेमाने ठेवल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात फार नाहीत.

आता नाशिकचीच गोष्ट पाहू, कारण कचेरी हलली की जिल्ह्याचे नाव कसे हलते याचा दोन हजार वर्षांचा पुरावा आपल्या गावाबाहेरच डोंगरात कोरलेला आहे. पांडवलेण्यांत सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक आहे ते सातवाहन कुळातल्या कण्ह, म्हणजे कृष्ण राजाच्या काळचे. ते नाशिकच्या महामात्राने करविले, असा तेथील लेख सांगतो. महामात्र म्हणजे वरिष्ठ अधिकारी. हा काळ इसवी सनापूर्वीचा. जवळच्या चैत्यगृहावरचा लेख तर ‘नासिककांचे’, म्हणजे नाशिकच्या लोकांचे, दान नोंदवतो. धंबिक नावाच्या गावाचे ते दान आहे. तेव्हा गावाचे नाव नासिक होते, लोक स्वतःस नासिकक म्हणवीत, यात शंका उरत नाही. दुसऱ्या शतकात लिहिणाऱ्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकारालाही हे नाव ठाऊक होते.

परंतु त्याच डोंगरातले पुढचे लेख वाचू लागलो की नाशिक मागे पडते आणि दुसरेच नाव पुढे येते: गोवर्धन. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात लिहितो की, आपण हे लेणे गोवर्धन येथील त्रिरश्मी डोंगरात करविले. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धनात राहणाऱ्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे: दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण या व्याजाने. (कोष्ट्यांची पतपेढी म्हणावी अशीच ही व्यवस्था, व्याजाचा दर ऐकून आजच्या ठेवीदाराला हेवा वाटेल.) नहपानाचा पाडाव करणारा गौतमीपुत्र सातकर्णी आपली आज्ञा पाठवतो ती गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला. आणि त्याचा पुत्र पुळुमावी याच्या वेळच्या लेखात स्पष्टच शब्द आहे: ‘गोवर्धनाहार’. म्हणजे गोवर्धन जिल्हा.

हे गोवर्धन कोठे गेले? कोठेही गेले नाही. शहराच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी, गंगापूरजवळ गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. त्या काळी अमात्याची कचेरी तेथे होती, व्यापारी श्रेणी तेथे होत्या, म्हणून जिल्हा त्याच्या नावाचा झाला. नाशिक शेजारीच होते, नांदतेही होते, पण ते गोवर्धन जिल्ह्यातले एक नगर. आज पारडे उलटे आहे. गोवर्धन हे नाशिक जिल्ह्यातल्या नाशिक तालुक्यातले एक गाव आहे, आणि तेथून जाणाऱ्या मोटारींतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की आपण एका जुन्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यातून चाललो आहोत.

जुन्या आहारांपैकी सगळ्यांचेच असे झाले नाही. कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांत ‘मामालाहार’ येतो. हा मामाल म्हणजेच आपला मावळ. राजवटी आल्या-गेल्या, पण मावळ हा मुलूखच असल्यामुळे त्याचे नाव कोणाच्या कचेरीवर अवलंबून नव्हते; म्हणून ते दोन हजार वर्षे टिकले. आजही पुणे जिल्ह्यात मावळ तालुका आहे आणि त्याची कचेरी वडगावास आहे. पुणे हे नावही काही कमी जुने नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ताम्रपटांत पुण्याचा ‘विषय’ येतो, आणि विषय म्हणजे पुन्हा जिल्हाच. पुणेकरांना ही गोष्ट सांगितली तर ते आश्चर्य करणार नाहीत. त्यांना ती आधीपासून ठाऊक असते.

नाशिक जिल्ह्यात मावळासारखे उदाहरण बागलाणचे. पंधरा तालुक्यांत हा एकच तालुका असा की ज्याचे मुख्य गाव सटाणा, पण तालुक्याचे नाव बागलाण. एस्. टी.च्या पाटीवर सटाणा आणि सरकारी दप्तरात बागलाण, यामुळे नवख्याची फसगत होते. हे नाव बागुल राजांच्या आठवणीशी जोडलेले आहे. मुल्हेर किल्ला हे त्यांचे ठाणे. त्यांच्या दरबारी असलेल्या रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश’ नावाचे संस्कृत महाकाव्य रचले, यावरून ते दरबार केवळ डोंगरी पाळेगारांचे नव्हते हे दिसते. १६३८ साली मोगलांनी बागलाण घेतले. राज्य गेले, वंशाचा अंमल गेला. मोगल, मराठे, इंग्रज एकामागून एक आले. पण मोसम आणि आरम नद्यांच्या त्या मुलखाला लोक बागलाण म्हणत राहिले, आणि इंग्रजांनाही तालुक्याला तेच नाव द्यावे लागले.

सेऊणदेशाचे नशीब एवढे चांगले नव्हते. यादवांचा पूर्वज सेऊणचंद्र याने सिंदिनेर येथे, म्हणजे आजच्या सिन्नरला, सेऊणपूर वसवले आणि त्याच्यावरून सगळ्या मुलखास सेऊणदेश म्हणू लागले, असे हेमाद्रीने यादवांची वंशावळ देताना सांगितले आहे. नाशिकपासून देवगिरीपर्यंतचा हा प्रदेश. पुढे राजधानी देवगिरीस गेली, देवगिरीचे १३२७ साली दौलताबाद झाले, आणि सेऊणदेश हे नाव विरून गेले. आज ते इतिहासाच्या पुस्तकात राहिले आहे. खानदेश हे त्याचेच बदललेले रूप, असे काही विद्वान मानतात. दुसरे काही ‘कान्हदेश’, म्हणजे कृष्णाचा देश, असे सांगतात. फारुकी सुलतान ‘खान’ म्हणवीत म्हणून खानाचा देश, हे तिसरे मत. आम्हांला यांत तिसरे मत अधिक सरळ वाटते; कारण फारुकींचे राज्य सुमारे दोनशे वर्षे टिकले आणि मोगलांनाही तो मुलूख त्या नावानेच माहीत होता. मात्र कान्हदेश म्हणणाऱ्याशी भांडायला आम्ही उठणार नाही. अहिराणीत ते नाव गोड लागते.

या खानदेशावर एकदा नामांतराचा प्रयोगही झाला. १६०१ साली असीरगड पडला आणि फारुकींचे राज्य अकबराकडे आले, तेव्हा त्याने शाहजादा दानियाल याच्या नावावरून मुलखाला ‘दानदेश’ म्हणावे असे ठरवले. एका अक्षराचाच काय तो फरक. दरबारी कागदांत तो उतरलाही. पण दानियाल लवकरच वारला आणि दानदेशही त्याच्याबरोबर गेला. खानदेश उरला. १९०६ साली इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्वेचा जळगाव नि पश्चिमेचा धुळे झाला. नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून निघाले. आज खानदेश नावाचा जिल्हा नाही, तालुका नाही, आणि जुनी राजधानी बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात आहे. तरी मांडे, शेवभाजी आणि वांग्याचे भरीत कोठले म्हणून विचाराल तर कोणीही जळगाव जिल्ह्याचे म्हणणार नाही. खानदेशचेच म्हणेल.

नाशकावरही असा प्रयोग झाला होता. मुसलमानी अमलात त्याचे नाव गुलशनाबाद, म्हणजे बागेचे शहर. नाव वाईट नव्हते. द्राक्षांच्या जिल्ह्याला तर ते शोभूनही दिसते. गंमत अशी की पेशवाईत गाव पुन्हा नाशिक झाले तरी येथील टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर शिक्का बादशहाचा आणि गावाचे नाव गुलशनाबादच राहिले. बाजारात चालण्यासाठी जुनाच छाप लागतो. चांदवडच्या टांकसाळीने तर दोन्ही पक्ष सांभाळले. तेथल्या नाण्यावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे लिहिलेले सापडते. नाण्यावर ‘उर्फ’ घालण्याची वेळ यावी, यातच कचेरीच्या नावाची आणि लोकांच्या नावाची ओढाताण दिसते.

येथवर आम्ही नावे कशी बसली ते पाहिले. पण ‘नाशिक’ म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय नाशिकचा श्रोता उठायचा नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका येथे कापली म्हणून नासिक, ही कथा आपण सर्वांनी आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकली आहे. दुसरी उपपत्ती नऊ टेकड्यांची: नवशिख, त्याचे नाशिक. यांपैकी दुसरी आम्हांला टिकण्यासारखी वाटत नाही. जुन्यातले जुने जे लेख, त्यांतही नाव ‘नासिक’ असेच आहे. ‘नवशिख’ झिजून ‘नासिक’ व्हायला जो काळ लागला असता त्याचा मागमूस कोठे नाही. उलट नाकाशी असलेला संबंध फार जुना आहे. पाणिनीच्या सूत्रांवर लिहिताना पतंजलीच्या महाभाष्यात एक नियम येतो: विशिष्ट प्रत्यय लागला की ‘नासिका’ शब्दाचे रूप आखडते, परंतु वर्ण आणि नगर यांच्याविषयी बोलताना ते तसे आखडत नाही, आणि नगराचे उदाहरण म्हणून ‘नासिक्य’ दिले आहे. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या व्याकरणकारांनाही हे नगर नाकावरून ओळखले जाते हे ठाऊक होते. त्या ठिकाणी शूर्पणखा मात्र नाही. आमचा तर्क असा की, नाव आधी होते आणि ते नदीवर पुढे आलेल्या उंचवट्याच्या आकारावरून पडले असावे. पुढे आलेल्या भूमीला नाक म्हणण्याची चाल जगात पुष्कळ ठिकाणी आहे. उत्तर युरोपातल्या कित्येक गावांच्या नावांच्या शेवटी येणारा ‘नेस’ हा शब्द भूशिराचा, आणि तो नाकाच्या शब्दाचाच भाऊ मानतात. नाव नाकाचे आहे म्हटल्यावर रामकथेतले प्रसिद्ध नाक त्याला येऊन चिकटले, हे अगदी स्वाभाविक झाले. कथेमुळे नाव पडले नसेल, पण नावामुळे कथेला जागा मिळाली. आणि पंचवटीची यात्रा काही व्याकरणावर चालत नाही.

नऊ टेकड्यांवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या लोकांना गावाच्या नावात आकडा सापडला की फार आनंद होतो. नाशिकच्या नऊ टेकड्या, साताऱ्याच्या किल्ल्याच्या सतरा भिंती, बुरूज नि दरवाजे, सांगलीच्या सहा गल्ल्या, आणि सोलापूरची सोळा गावे. यांपैकी सोलापूरची तपासणी करता येते. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे ‘सोन्नलिगे’चे म्हणून शिलालेखांत आणि कन्नड वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. सोन्नलिगे, सोन्नलपूर, सोलापूर अशी ही वाट आहे. त्यात सोळा कोठेच नाहीत. कोणीतरी मराठी कानाने ‘सोला’ ऐकले आणि मग सोळा गावे मोजून काढली. सांगलीच्या गल्ल्यांची मोजणी आम्ही सांगलीकरांवर सोपवतो.

खरी मुळे सापडतात ती ताम्रपटांत, आणि ती बहुधा कथेइतकी रंगतदार नसतात. १९३९ साली वाशीम येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले. ते ‘वत्सगुल्म’ येथून दिलेले आहेत, आणि त्यांतले गाव ‘नांदिकड’च्या उत्तर मार्गावरचे आहे. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले आणि वच्छोमचे वाशीम. नांदिकड म्हणजे नांदेड. दोन आजच्या जिल्ह्यांची नावे चौथ्या शतकातल्या एकाच दानपत्रात शेजारी शेजारी बसलेली! वाशीमचा आणखी एक योग असा की इंग्रजांच्या वेळी तो जिल्हा होता, १९०५ साली तो मोडला, आणि १९९८ साली पुन्हा झाला. ठाण्याचे मूळ शिलाहारांचे ‘श्रीस्थानक’. लातूर म्हणजे ‘लट्टलूर’. राष्ट्रकूट राजे स्वतःस मोठ्या अभिमानाने त्या नगराचे अधिपती म्हणवीत. १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा ते नाव एका अर्थी पुन्हा दरबारात आले.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात तरी काय आहे? तेथे जिल्ह्याच्या जागी ‘काउंटी’ असते, आणि हा शब्द ‘काउंट’ नावाच्या सरदाराच्या अमलावरून आला. म्हणजे पुन्हा कचेरीच. यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायर ही यॉर्क आणि नॉटिंगहॅम या गावांची नावे. पण एसेक्स म्हणजे पूर्व सॅक्सनांचा मुलूख, ससेक्स दक्षिणेकडच्यांचा. केंटचे नाव तर जूलियस सीझरच्या वेळेपासून चालत आले आहे. तेथे मुलखाच्या नावांनी कचेरीला आपल्या नावाने कारभार करायला लावले. फ्रेंचांनी क्रांतीच्या भरात, १७९० साली, याच्या उलट केले. ब्रिटनी, बर्गंडी असले जुने प्रांत लोकांनी विसरावेत म्हणून देशाचे ८३ तुकडे केले आणि त्यांना नद्यांची नि डोंगरांची नावे दिली. म्हणजे तंटाच नको. प्रांत मात्र कोणी विसरले नाहीत. अमेरिकेत सुमारे तीस काउंट्या एकट्या वॉशिंग्टनच्या नावाच्या आहेत, यावरून आपल्याकडच्या नामकरण समित्यांनी धीर घ्यावा.

महाराष्ट्रात आज ३६ जिल्हे आहेत. मुंबई उपनगर सोडले तर मुख्य ठाण्याचे नाव नसलेले जिल्हे दोनच: रायगड, ज्याची कचेरी अलिबागेस आहे, आणि सिंधुदुर्ग, ज्याची ओरोसला. दोन्ही किल्ल्यांची नावे, दोन्ही १९८१ सालची. त्यांतही रायगड पूर्वी कुलाबा होता, म्हणजे अलिबागेसमोरच्या पाणकिल्ल्याचाच. एक किल्ला जाऊन दुसरा आला. वर्ध्याचे प्रकरण आणखी निराळे. तेथे १८६२ साली नदीच्या नावाने जिल्हा आधी झाला. कचेरी काही वर्षे कवठ्यास होती. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याजवळ नवे गाव आखले आणि त्याला जिल्ह्याचे नाव दिले. गावावरून जिल्हा नव्हे, जिल्ह्यावरून गाव.

व्यक्तींच्या नावांचे जिल्हे आपल्याकडे थोडेच होते. निजामशाहीच्या अहमदाने वसवलेले अहमदनगर, औरंगजेबाचे औरंगाबाद, आणि हैदराबादच्या शेवटच्या निजामाचे, उस्मान अलीखानाचे, उस्मानाबाद. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर. यांवर बरेच तापून बोलले गेले आहे. आम्ही केवळ नावांच्या अभ्यासकाच्या नात्याने दोन गोष्टी नोंदवतो. धाराशिव हे त्या गावाचे जुने नाव, जवळच्या लेण्यांनाही तेच नाव. तेथे लोकांचे नाव कचेरीवर चढले. बाकी दोन ठिकाणी एका व्यक्तीच्या जागी दुसऱ्या, लोकांना अधिक जिव्हाळ्याच्या व्यक्तीचे नाव आले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी तर त्याच जिल्ह्यात आहे. गावाचेच मूळ नाव शोधायचे तर संभाजीनगरच्या जागी मलिक अंबरने १६१० साली शहर आखले तेव्हा तेथे ‘खडकी’ नावाचे खेडे होते. मग फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, मग आजचे. चार नावे झाली, खाली खडक तोच.

नाव बदलले म्हणून जुने नाव निरुपयोगी होत नाही, ही गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. वडिलोपार्जित जमिनीचे, जन्मतारखेचे किंवा जातीच्या दाखल्याचे कागद हुडकणाऱ्या माणसाला ती रोज अनुभवास येते. आजोबांच्या दाखल्यावर ‘पूर्व खानदेश’ असते, नातू जळगाव शोधत बसतो. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे सांगली, ‘कुलाबा’ म्हणजे रायगड (मुंबईतला कुलाबा नव्हे), ‘चांदा’ म्हणजे चंद्रपूर, हे ज्याला ठाऊक नाही तो दप्तरखान्यातून रिकाम्या हाताने परततो. उत्तर आणि दक्षिण सातारा तर १९४९ पासून जेमतेम दहा-अकरा वर्षेच होते. त्या दशकात जन्मलेल्याला आपला जिल्हा सांगताना अडखळावे लागते. गुलशनाबादच्या रुपयासारखेच हे कागद जुन्या छापाचे आहेत. प्रत्येक तालुका कचेरीत जुन्या-नव्या नावांचा एक तक्ता भिंतीवर लावला तर किती हेलपाटे वाचतील!

आपल्या जिल्ह्याचे तुकडे होण्याची गोष्टही मधून मधून निघते. मालेगाव जिल्ह्याची मागणी बरीच जुनी आहे. तो व्हावा की न व्हावा, हा प्रश्न आमच्या विषयाबाहेरचा. पण झालाच तर नाव काय द्यावे? कचेरीच्या रिवाजाने मालेगाव जिल्हा, हे उत्तर ठरलेलेच आहे. आम्हांला विचाराल तर त्या बाजूला एक मुलखाचे नाव चारशे वर्षांहून अधिक काळ तयार आहे: बागलाण. सटाणा तालुक्याने आपले नाव वर चढवावे आणि स्वतः सटाणा व्हावे. त्यात एक अडचण आहे, ती आम्ही लपवत नाही. मालेगाव आणि नांदगाव हे तालुके १८६९ पूर्वी बागलाणच्या जोडीने खानदेशात होते, बागलाणात नव्हते. तेव्हा नांदगावकर म्हणेल की बागलाणाचा आणि आमचा संबंध काय? आणि मालेगावकर म्हणेल, कचेरी आमच्या गावात, मग नाव सटाण्याच्या मुलखाचे कशाला? दोघांचेही म्हणणे वाजवी आहे. गोवर्धनच्या अमात्याकडे जाणाऱ्या नाशिककरानेही तेव्हा हेच म्हटले असेल.